रंकाळ्यावरचा रविवारचा फुकट रन: थंडीत पांघरूण सोडून जाण्यासारखा आहे का?

रंकाळ्यावर रविवारी सकाळी 5 किलोमीटरचा फुकट रन होतो, तो कसा आहे, जावं का, बायकापोरांना घेऊन गेलं तर चालतं का, असं वर्कशॉपमध्ये, लग्नात, चहाच्या गाड्यावर जो भेटेल तो विचारायला लागलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मी काय पट्टीचा रनर नाही, उद्यमनगरात लेथवर उभं राहून पोट भरणारा माणूस, पन्नाशी जवळ आलीय आणि शुगर बॉर्डरला आहे. ज्यांना चार मिनिटांत किलोमीटर काढायचाय त्यांनी हे वाचण्यात वेळ घालवू नका, आयर्नमॅन होऊन आलेली माणसं आपल्या शहरात पैशाला पासरी आहेत, त्यांना विचारा.

आधी काय नाही ते सांगतो. एन्ट्री फी नाही, मेडल नाही, टी-शर्ट नाही, छातीवर नंबर नाही, डीजे लावून झुंबा नाही. आणि स्टेज नाही, म्हणजे प्रमुख पाहुणे नाहीत, म्हणजे शाल-श्रीफळ नाही आणि 'वेळेअभावी दोनच शब्द बोलतो' म्हणत वीस मिनिटं खाणारं कोणी नाही. हे शेवटचं कोल्हापुरात जमवणं म्हणजे काय खायचं काम नाही, आमच्यात गल्लीत बोअर मारलं तरी नारळ फोडायला तिघांची नावं पत्रिकेत टाकायला लागतात. मागं मी पैसे भरून एका मोठ्या रनला गेलो होतो, कुठल्या ते जाऊ दे, तिथं वॉर्मअप करून घाम आला, पाहुण्यांची वाट बघण्यात तो घाम वाळला, परत थंडी वाजायला लागली तरी झेंडा काय दाखवेनात. इथं पावणेसात म्हणजे पावणेसात. तुम्ही चप्पल बदलत असाल तर लोक निघून गेलेले असतात.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कुठं कापला ते पुढं येईलच.

आयडिया इंग्लंडची आहे. तिकडं पार्करन म्हणून प्रकार आहे, 2 ऑक्टोबर 2004 ला लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्युइट नावाच्या माणसानं सुरू केला. गडी स्वतः धावणारा, पण दुखापतीमुळं बसला होता, धावता येत नाही तर मित्रांची गाठ तरी पडावी म्हणून सगळ्यांना बोलावलं, पहिल्या दिवशी धावायला 13 जण आले. आता वीसपेक्षा जास्त देशांत चालतं, दर शनिवारी, 5 किलोमीटर, फुकट, आणि सगळं काम स्वयंसेवक करतात. आपल्या रंकाळ्यावरचा रन त्यांचा अधिकृत नाही, ते नावपण वापरत नाहीत, फक्त पद्धत उचललीय आणि नवीन माणसाला हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात. शनिवारचा रविवार का केला ते सांगायला नको, शनिवारी इथं निम्म्या लोकांना कामाला जायचं असतं.

माझा पुतण्या लीड्सला आहे, तो तिकडच्या रनला जातो. डिसेंबरात त्यानं व्हिडिओ पाठवला, सगळं मैदान पांढरंफेक, गवताची पाती गोठून ताठ, आणि बुटाखाली नुसता कर्रकर्र आवाज. मी म्हटलं अरे बर्फात कशाला तडफडतोस, तर म्हणाला काका हा बर्फ नाही, रात्रीचं दहिवर गोठलंय. तिकडं अशा सकाळी स्वयंसेवक लवकर येऊन सगळा रस्ता चालून बघतात, कुठं बर्फाचा पातळ पापुद्रा धरला असेल आणि माणसं घसरतील असं वाटलं तर रन सरळ रद्द, मग कोण किती लांबून आलेलं असू दे. आपल्याकडं गोठलेलं दहिवर बघायचं तर महाबळेश्वरला वेण्णा लेकवर जावं लागतंय, तेसुद्धा एखाद्या वर्षी नशिबानं. कोल्हापुरात पारा चौदा-पंधरावर आला की आमच्या गल्लीत कानटोप्या बाहेर पडतात आणि रात्री शेकोटीभोवती महापालिकेपासून अमेरिकेपर्यंत सगळ्यांचा निकाल लागतो. पण रंकाळ्याकाठची पहाटेची थंडी शहरातल्या थंडीपेक्षा वेगळी, हे जाणाऱ्यालाच कळतं. पाण्यावरनं जी हवा येते ती स्वेटरच्या विणीतनं आत शिरते. धुकं असलं की समोरचा काठ दिसत नाही, शालिनी पॅलेसचा मनोरा अर्धा गायब असतो, कठड्याला हात लावला तर तळवा ओला, आणि गवतातनं चार पावलं चाललं की बुटाच्या जाळीतनं मोजे भिजतात.

म्हणून कपड्यांचं सांगतो, कारण नवीन माणसं इथंच घोटाळा करतात. जाड जर्किन घालून धावू नका. पहिला किलोमीटर बरं वाटतं, दुसऱ्यात आत भट्टी पेटते, मग ते कमरेला बांधून पाचपर्यंत ओढत न्यायचं, आणि संपल्यावर घामेजलेल्या बनियनवर वारं लागलं की सोमवारी शिंका सुरू. आत सुकणारा पातळ टी-शर्ट, वर एक पातळ फुल बाह्यांचा, कानाला पट्टी नाहीतर रुमाल, बस्स. सुती बनियन नको, घाम धरून ठेवतंय. आणि एक कोरडा टी-शर्ट पिशवीत ठेवा, संपल्या संपल्या बदला. थंडीत सांधे मोकळे व्हायला वेळ लागतो म्हणून नेहमीपेक्षा जास्त वेळ चालून, हातपाय हलवून मग धावायचं. गार कोरड्या हवेनं खोकल्याची ढास लागते, दमा असणाऱ्यांनी पंप खिशात ठेवावा. बीपी आणि हार्टवाल्यांनी मात्र डॉक्टरला विचारूनच या, थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी चढतं, त्यात झोपेतनं उठून एकदम पळायला लागायचं म्हणजे शहाणपण नव्हे. आयोजक हे दर वेळेला सांगतात, आणि सांगतात तेव्हा मागची निम्मी मंडळी सेल्फी काढत असतात.

जमायचं ठिकाण पदपथ उद्यानाजवळ. चुन्याची एक रेघ, दोन कोन, एक फोल्डिंग टेबल आणि चमकणारी जॅकेटं घातलेले सात-आठ लोक, एवढाच थाट. 'नवीन कोण कोण?' असं विचारतात, नवीन माणसांना बाजूला घेऊन रस्ता कसा, वळायचं कुठं, डावीकडनं पळा, फिरायला आलेल्यांना धक्का मारू नका, लहान पोरांचा हात सोडू नका, एवढं सांगतात आणि सोडतात. पहिल्या दिवशी मला वाटलं आता फॉर्म भरून घेतील, आधार कार्डाची झेरॉक्स मागतील. तसलं काही नाही. नाव, वय, आणि घरचा एक फोन नंबर एकदा दिला की तुमच्या नावाचा एक बारकोड मोबाईलवर येतो, तो प्रिंट काढून प्लास्टिकच्या कव्हरात घालून ठेवायचा. मोबाईलवर दाखवला तरी चालतो, पण थंडीत ओल्या बोटांनी स्क्रीन उघडत नाही आणि मागं लाईन लागते, तेव्हा कागदच बरा.

रस्ता म्हणाल तर जाऊन वळून परत यायचं असा आहे, काठाकाठानं. अख्ख्या तळ्याला फेरी का मारत नाही असं मीपण विचारलं होतं, तर पूर्ण फेरीत गाड्यांचा रस्ता मध्ये येतो आणि फुकटच्या रनला बंदोबस्त कोण देणार, म्हणून जिथं गाडी येत नाही तिथनंच. पटलं. सपाट आहे, एक-दोन ठिकाणी फरशी उचकटलीय आणि झाडांची मुळं वर आलीत, तिथं चुन्यानं गोल केलेला असतो आणि एक पोरगी उभी राहून 'फरशी, काका, फरशी!' असं ओरडत असते. संध्यामठाकडं बघत पळायला मिळतं, थंडीत पाण्यावरनं वाफ निघते तेव्हा तो काळा दगड अधांतरी उभा असल्यासारखा दिसतो. जुनी माणसं सांगतात की इथं पूर्वी दगडाची खाण होती आणि अंबाबाईच्या देवळाला दगड इथनंच गेला. पळताना दम लागला की मी मुद्दाम हे शेजारच्याला सांगायला लागतो, तेवढंच त्याला हळू पळावं लागतं.

आता अंतर. यावरनं दर रविवारी भांडण असतं. एकाच्या घड्याळात 4.9 येतं, दुसऱ्याच्यात 5.1, आणि दोघंही आयोजकांच्या अंगावर जातात. अरे बाबांनो, घड्याळ वरनं सॅटेलाइटला बघतंय, झाडाखालनं गेलात की ते अंदाजानं रेघ मारतंय, वळणावर कोपरा कापतंय. आमच्या धंद्यात मोजमाप म्हणजे देव, म्हणून मला चैन पडेना, पोराची सायकल घेऊन एका दुपारी गेलो. आधी वर्कशॉपच्या दारात स्टीलचा टेप लावून चाकाचा एक फेरा किती सरकतो ते मोजलं, चाकात हवा तेवढीच ठेवली, वॉल्व्हला लाल चिंधी बांधली आणि फेरे मोजत सगळा मार्ग काढला. मोठ्या मॅरेथॉनचे रस्ते अजूनही सायकलनंच मोजतात, चाकाला काउंटर लावून, आणि अंतर कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात, म्हणजे 5 किलोमीटरला 5 मीटर. रंकाळ्यावरचं माप माझ्या हिशोबात 5 किलोमीटरला किंचित जास्तच भरलं, कमी नाही. तेव्हा घड्याळवाल्यांनी शांत बसावं. टेबलावरच्या पोराला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, 'काका आम्ही पण सायकलनंच मोजलंय,' मग त्याच्याशी अर्धा तास टायरच्या हवेवर बोललो, मन भरलं.

टायमिंगची पद्धत मला सगळ्यात जास्त आवडली, कारण मशीन नाही आणि तरी चालते. शेवटच्या रेघेपुढं दोऱ्या बांधून एक चिंचोळी वाट केलेली असते. तुम्ही रेघ ओलांडली की एक माणूस स्टॉपवॉचचं बटन दाबतो, तुम्ही कोण ते त्याला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजपण नाही. पुढं त्या वाटेत एक ताई उभी असते, ती तुम्हाला देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर मिळतो तसला नंबरचा बिल्ला हातात देते, सतरावे आलात तर 17. मग टेबलावर तुमचा बारकोड आणि तो बिल्ला दोन्ही स्कॅन होतात आणि बिल्ला परत बादलीत. संध्याकाळी सतरावी वेळ आणि 17 नंबरचा बिल्ला जोडला की तुमचा निकाल तयार. चिप नको, मॅट नको, भाड्याची मशिनरी नको.

पण ह्यात एकच गोम आहे, वाटेत शिरल्यावर नंबर बदलायचा नाही. पुढच्याला मागं टाकून बिल्ला आधी घेतला की दोघांच्या वेळा उलट्यापालट्या. आणि मागच्या महिन्यात त्याहून भारी झालं. एक आजोबा मफलर गुंडाळून रोजच्या फिरायला निघाले होते, त्यांना दोऱ्यांची वाट दिसली, त्यांना वाटलं चालायला केलीय, ते आरामात रेघ ओलांडून आत आले. स्टॉपवॉचवाल्यानं बटन दाबलं. बिल्लेवाल्या ताईनं ओळखलं हे आपले नव्हेत, तिनं बिल्ला दिला नाही. झालं, तिथनं मागच्या सगळ्यांच्या वेळा एकेक घर सरकल्या. संध्याकाळी ग्रुपवर निकाल पडला तेव्हा आमच्या शेजारच्या वैनी दीड मिनिटानं सुधारलेल्या, त्या इतक्या खूश की पेढे आणायचंच बाकी होतं. सोमवारी दुरुस्ती आली. वैनी अजून त्या आजोबांच्या शोधात आहेत. आयोजकांचं मात्र कौतुक करतो, कुणी खेकसलं नाही, लपवलं नाही, काय झालं ते जसंच्या तसं ग्रुपवर लिहिलं आणि पुढच्या रविवारी वाटेच्या तोंडाशी एक माणूस जादा उभा केला.

आता ज्याच्यासाठी मी खरं म्हणजे जातो ते. ह्या रनमध्ये शेवटचा नंबर कुणाचाच येत नाही, कारण एक स्वयंसेवक सगळ्यांच्या मागं चालायला नेमलेला असतो आणि शेवटी तोच येतो. आमच्या इथं हे काम बहुतेक वेळा एक वस्ताद करतात. तालमीतले, साठीच्या पुढचे, कान मोडून घट्ट गोळा झालेले, मान अजून मांडीएवढी, आणि चालताना उजव्या गुडघ्यात जरा लचक. तरुणपणी ह्या माणसानं किती जणांना आस्मान दाखवलं असेल, आणि रविवारी पिवळं जॅकेट घालून तो सगळ्यात मागं चालतो. हातात एक पिशवी, तिच्यात पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे, आणि क्रेप बँडेज. माझ्या सासूबाई एकदा हौसेनं आल्या, साडीवर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, दीड किलोमीटरला म्हणाल्या मला नाही जमायचं. वस्ताद म्हणाले, 'आक्का, म्या हाय न्हवं, तुमी मोरं चला, मला मागं ऱ्हायाची सवंच हाय.' मग बोलत बोलत नेलं, त्यांच्या माहेरचं गाव कुठलं, तिकडं यात्रेला कुस्त्या व्हायच्या का, कुठल्या पैलवानाचं नाव होतं, असं करत करत सासूबाई पाचावर कधी आल्या त्यांनाच कळलं नाही. रेघेच्या अलीकडं वस्ताद थांबले, आक्कांना पुढं घातलं, त्यांना बिल्ला मिळाला आणि मग स्वतः आले. दोरी गुंडाळायला सगळे त्यांच्यासाठी थांबलेले होते. पैसे भरून केलेल्या त्या रनमध्ये शेवटचे लोक येईपर्यंत कमान उतरवून टेम्पोत टाकत होते, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

येणारी माणसं सगळ्या जातीची. पेठेतली फुटबॉलची पोरं येतात, ती धावत नाहीत, उडतात, आणि संपल्यावर मॅचवरनं एकमेकांची गचांडी धरायच्या बेतात असतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली येतात, त्यांचं टायमिंग बघून आपण मान खाली घालायची. सायकलवाल्या डॉक्टर मंडळींचा एक ग्रुप आहे, ते शूजवर फार बोलतात. एक नवराबायको बाळाला छातीशी बांधून चालतात. चालणाऱ्याला कोणी हसत नाही, इंग्लंडातपण निम्म्या गोष्टी चालणाऱ्यांसाठीच चालल्यात असं पुतण्या सांगत होता, मागं 2024 मध्ये त्यांनी वेबसाइटवरनं सगळ्यात वेगवान वेळांचे विक्रम काढूनच टाकले, त्यावर बोंबाबोंबपण झाली. आपल्याकडं वेळ ग्रुपवर पडते पण पहिला-दुसरा-तिसरा असं कोणी पुकारत नाही, त्यानं पेठेतली पोरं नाराज, बाकी सगळे खूश.

आता कापलेला अर्धा मार्क. पहिली तक्रार अंधाराची. जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातच्या पुढंच उगवतो, पावणेसातला तांबडं फुटलेलं असतं पण धुकं असलं की पायाखालचं काही दिसत नाही, आणि काठावरचे काही दिवे बंदच असतात. ते दिवे लावणं आयोजकांच्या हातात नाही हे मान्य, पण थंडीचे दोन महिने सात नाहीतर सव्वासातला सुरू केलं तर काय बिघडतंय? मी विचारलं तर म्हणाले, उशीर केला की रविवारची मटणाची लाईन चुकते म्हणून लोकच नको म्हणतात. आता ह्याच्यावर कोल्हापुरात काय बोलणार. तोवर पुतण्यासारखं डोक्याला बॅटरी बांधून यावं, मी आणलीय, लोक हसतात, हसू दे.

दुसरी तक्रार कागदी कपांची. पाण्याचा कॅन ठेवतात, चांगलं आहे, पण शंभरभर लोक पिऊन झाले की कप गवतात. पोरं नंतर गोळा करतात पण वाऱ्यानं चार तळ्यात जातातच, त्या तळ्याला आधीच काय कमी सोसावं लागलंय का. कप बंदच करा आणि 'बाटली घरनं आणा' म्हणून सांगा, दोन रविवारी शिव्या पडतील, तिसऱ्याला सवय होईल. तिसरी, बायकांसाठी जवळपास उघडा आणि स्वच्छ संडास त्या वेळेला मिळत नाही. आमच्या सौभाग्यवती ह्याच एका कारणानं यायला मागत नाहीत, 'अहो तुमचं काय जातंय' असं तोंडावर सांगतात, आणि त्यांचं बरोबर आहे. रोजच्या फिरणाऱ्यांशी पण कधीमधी कुरबूर होते, चौघी मैत्रिणी हातात हात घालून अख्खी वाट अडवून चालल्या असल्या की मागनं 'साइड साइड' ओरडत येणाऱ्याचा त्यांना राग येणारच, बाग काय धावणाऱ्यांच्या बापाची आहे का. घंटी वाजवल्यासारखं ओरडायचं नाही, थांबून, बाजूनं जायचं, हे नियमात आहे, पण वेळ सुधारायच्या नादात पाळत नाहीत. भटक्या कुत्र्यांचं म्हणाल तर ती थंडीनं मुटकुळं करून पडलेली असतात, त्यांना तुमच्याशी काही घेणंदेणं नसतं, फक्त पळता पळता त्यांच्या अंगावर पाय देऊ नका.

गाडी शक्यतो आणूच नका. आणली तर चौपाटीच्या बाजूला लवकर येऊन लावा, साडेसहानंतर फिरणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता भरलेला असतो.

संपल्यावरचा कार्यक्रम तुम्हाला शिकवायला नको. कोरडा टी-शर्ट घालून पहिल्यांदा चहा, हाताला कप शेकत उभं राहायचं, नाकातनं वाफ, कपातनं वाफ. मग पार्टी फुटते. एक गट मिसळीला जातो, आणि 350 कॅलरी जाळून कटाचे तीन वाडगे मागवतो, मी त्याच गटात. एक गट गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जातो, म्हशीचं समोर काढलेलं फेसाळ दूध उभ्या उभ्या प्यायला, वस्ताद त्यांच्याबरोबर. आणि घरची जबाबदारी असलेले थेट मटणाच्या लाईनीत, तिथं धावायच्या कपड्यातला माणूस बघून दुकानदार विचारतो, 'काय पावणं, इथवर पळतच आला काय?'

एक काळजी वाटते ती लिहितो. हे आता जरा नावारूपाला आलंय, तर कुणीतरी मोठा स्पॉन्सर विचारतोय असं कानावर आलंय, कमान देतो, टी-शर्ट देतो, फक्त आमचा बॅनर लावा आणि महिन्यातनं एकदा आमचे साहेब येतील. भावांनो, नको. साहेब आले की खुर्ची आली, खुर्ची आली की हार आला, आणि मग पावणेसातचे साडेसात झालेच म्हणून समजा. फी लावायचं पण कोणी डोक्यात आणू नये, वीस रुपये का असेनात. इंग्लंडात 2016 ला ब्रिस्टलजवळ लिटल स्टोक म्हणून एका बागेत तिथल्या गावकौन्सिलनं बाग वापरायचे पैसे मागितले, पार्करनवाल्यांनी पैसे गोळा करायला साफ नकार दिला आणि तिथला रन बंदच केला, पण फुकटचं तत्त्व सोडलं नाही. तिकडं त्यावर देशभर चर्चा झाली. इथं खर्च आहेच किती, चुना, दोरी, बिल्ले, पाण्याचा कॅन. तेवढं आम्ही पेटीत टाकतोय की, टेबलाखाली एक स्टीलचा डबा असतो, कोण किती टाकतंय कोणी बघत नाही, आणि महिन्याचा हिशोब खर्चासकट ग्रुपवर पडतो, कॅनच्या डिपॉझिटपर्यंत.

स्वयंसेवक मात्र कमी पडतात, खरी अडचण ती आहे. सगळ्यांना पळायचंय, दोरी धरायला कोणी नको. त्यांनी आता एक नियम काढलाय की बरेच रन झालेल्या प्रत्येकानं अधूनमधून एक रविवार काम करायचं, सक्ती नाही, पण नाव घेऊन विचारतात, मग नाही म्हणायची लाज वाटते. काम अवघड नाही. वळणावर उभं राहून हात करायचा, बिल्ले द्यायचे, स्कॅन करायचं, शेवटी कोन गोळा करायचे. फक्त पळणाऱ्यापेक्षा उभ्या राहणाऱ्याला थंडी जास्त वाजते, तेव्हा जाड जर्किन, ज्याला वर मी नाही म्हटलं, ते त्या दिवशी घालून या, आणि हातमोजे बोटं उघडी असलेले आणा, नाहीतर बिल्ले सुटे होत नाहीत.

यायचं असेल तर साडेसहाला पदपथ उद्यानाजवळ या, चुन्याची रेघ शोधा आणि पिवळ्या जॅकेटवाल्या कुणालाही 'नवीन आहे' म्हणा. बारकोड मिळाला की पुढच्या वेळेपासून तो आदल्या रात्रीच प्रिंट करून ठेवा. आणि शेवटच्या वाटेत शिरल्यावर मफलर गुंडाळलेले एक आजोबा दिसले तर आमच्या वैनींना तेवढा निरोप द्या.